छतावरचा केशरी डाग

आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर, ब्लेंडर ठेवतो त्याच्या बरोबर वर, बशीएवढा एक केशरी डाग आहे. दोनदा साबणाने पुसला, एकदा खरवडून पाहिला, पण गेला नाही. पाहुणे आधी वर बघतात, मग माझ्याकडे. डाग लाल भोपळ्याचा आहे आणि तो माझ्याच हातून पडला आहे.

मी अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरियात राहतो. इंजिनांच्या कामात हयात गेली. गेल्या सप्टेंबरात रक्त तपासलं तेव्हा एचबीए१सी ६.१ निघालं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोड काय काय खाता?" मी ताठ बसून सांगितलं, चहा बिनसाखरेचा आणि मिठाई फक्त सणाला. "बरं, आणि पिता काय?" इथे मात्र माझी बोलती बंद झाली.

कारण सप्टेंबर उजाडला की या देशाला पम्पकिन स्पाइस चढतं. दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग यांचा तो वास कॉफीपासून मेणबत्तीपर्यंत सगळीकडे असतो. मीही रोज दुपारी तीनला ऑफिसजवळच्या दुकानातून या मसाल्याचं थंडगार, घुसळलेलं पेय आणायचो, वर क्रीमचा डोंगर. त्या दिवशी फलकावरची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली. एका पेल्यात, दुधातली धरून, सुमारे ५० ग्रॅम साखर. चार ग्रॅमचा एक चमचा धरला तर बारा चमचे! अमेरिकन हार्ट असोसिएशन पुरुषांना अख्ख्या दिवसात वरून घातलेली साखर ३६ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते.

ते पेय सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. म्हणून ठरवलं, घरीच करायचं आणि साखरेशिवाय. आई तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली होती. तिला बेत सांगितला.

"भोपळा प्यायचा? अरे, भोपळ्याची भाजी वाढली की ताट सरकवायचास तू."

"घारगे तर खायचो ना?"

"ते गुळासाठी," आई म्हणाली आणि टीव्हीकडे वळली.

पहिल्याच प्रयोगात भोपळा चुकला. हॅलोविनला डोळे-नाक कोरतात तो नारिंगी, गरगरीत भोपळा आणला, कापला, वाफवला, वाटला. पेल्यात पिवळट पाणी आणि त्यात धागेच धागे. तो कोरण्यासाठीच वाढवलेला असतो, चवीला यथातथाच. मग डब्यातला गर आणला. चव एकदम गोड. मी खूश. बायकोने डबा उलटा करून वाचला. शुद्ध भोपळ्याऐवजी मी 'पम्पकिन पाय मिक्स' उचललं होतं, त्यात साखरेचा पाक आधीच घातलेला असतो. दुकानात दोन्ही डबे शेजारी-शेजारी असतात आणि चष्मा माझ्या खिशात होता.

शुद्ध गराचा डबा मिळाला तो मात्र अगदी शेजारगावचा निघाला. पिओरियापासून जेमतेम दहा मैलांवर मॉर्टन गाव आहे, 'जगाची भोपळा-राजधानी' म्हणवून घेणारं. अमेरिकेतला डबाबंद भोपळा फार मोठ्या प्रमाणावर तिथे तयार होतो. एका रविवारी आईला घेऊन तिकडच्या शेतांवरून गाडी नेली. वेली सुकलेल्या, आणि मातीत पडलेले भोपळे नारिंगी नव्हेत, फिकट बदामी, लांबट. आईने गाडी थांबवायला लावली. काचेतून बराच वेळ बघून म्हणाली, "हा आपल्याकडचा वाटतो रे."

रात्री वाचत बसलो. आईचं बरोबर होतं. डब्यातल्या त्या भोपळ्याला डिकिन्सन म्हणतात आणि त्याची जात कुकुर्बिटा मॉस्काटा. आपल्या मंडईत फोड कापून मिळते तो लाल भोपळाही बहुतेक याच जातीचा. हॅलोविनवाला कुकुर्बिटा पेपो, म्हणजे चुलत घराण्यातला. शिवाय भोपळ्याचं मूळ अमेरिका खंडातलं, मिरचीसारखाच तो समुद्र ओलांडून आपल्याकडे आला. उलट दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग ही सगळी आपल्या बाजूची. १७९६ साली अमेलिया सिमन्स या बाईंचं 'अमेरिकन कुकरी' छापलं गेलं, त्यातल्या भोपळ्याच्या पुडिंगातही जायफळ आणि सुंठ आहेच. १९३४ मध्ये मॅककॉर्मिक कंपनीने हा मसाला तयार डबीत घालून विकायला काढला. सकाळी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे भोपळा इकडचा नि मसाला तिकडचा. मग यांचं नवीन काय? क्रीम?"

आता साखरेला पर्याय शोधायचा होता. इथे मी स्वतःला फसवायचे सगळे प्रकार करून पाहिले. केळं घातलं, मस्त लागलं, पण मध्यम केळ्यात १४ ग्रॅम साखर असते. दोन मेजूल खजूर घातले तर त्यांची ३० ग्रॅमच्या वर जाते. मेपल सिरप 'नैसर्गिक' म्हणून घातलं. रक्ताला तो शब्द वाचता येत नाही. स्टिव्हियाने गोडी आली, पण मागून जीभ कडवट राहिली आणि लवंगेशी तिचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. वहीत प्रयोगांचे आकडे वाढत होते आणि प्रत्येक ओळीत साखर नवं नाव घेऊन बसलेली होती.

शेवटी सगळं काढून टाकलं. गर, बदामाचं बिनसाखरेचं दूध, मसाला, बर्फ. चव सांगायची तर ओल्या पुठ्ठ्याला लवंग लावल्यासारखी. बर्फाने पाणी होतं म्हणून गराचेच खडे गोठवून घातले. दाट झालं, पण पुठ्ठा तो पुठ्ठाच.

त्याच दुपारी ऑफिसचा फोन आला. पेला ओट्यावर तसाच राहिला. पाऊण तासाने परत येऊन टाकून देण्याआधी एक घोट घेतला आणि थबकलो. गोड! आईने गुपचूप गूळ घातला असणार. मी तिच्याकडे संशयाने पाहिलं. तिने हातातली जपमाळसुद्धा थांबवली नाही.

कुणी काही घातलेलं नव्हतं, फक्त पेयाचा गारठा गेला होता. फार थंड असलं की जिभेला गोडी कमी कळते. वितळलेलं आइस्क्रीम गोडमिट्ट का लागतं, त्याचं कारण हेच. गार पेयात इतकी साखर कोंबावी लागते ती काही अंशी त्या बर्फाला पुरे पडण्यासाठी. इतके दिवस मी साखरेशी झुंजत होतो आणि अडचण बर्फात होती.

उत्साहाच्या भरात मी दुसऱ्या टोकाला गेलो. गर आणि दूध उकळून, तसंच कढत ब्लेंडरमध्ये ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि बटण दाबलं. घुसळताच कोंडलेली वाफ आणि हवा एकदम फुगली, झाकण उडालं आणि भोपळा छताला भेटून आला. आयुष्यभर सिलिंडरमधल्या दाबाची गणितं मांडलेल्या माणसाच्या घरी हे घडलं. बायको धावत आली, मला भाजलं नाही ना ते पाहिलं, मग वर पाहिलं. आईने एवढंच विचारलं, "आता छतपण पिणार का?"

त्यानंतर जे जमलं ते असं. अर्धी वाटी गर छोट्या कढल्यात मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतायचा, त्यातच मसाला घालायचा. त्याने डब्याचा वास जातो, मसाल्याचा कच्चेपणा मोडतो आणि दालचिनीची पूड वर तरंगत नाही. पाव चमचा दालचिनी, तिच्या निम्मी सुंठ, लवंगेची पूड नखावर मावेल एवढीच. चिमूटभर मीठ, कारण ते कडवटपणा दाबतं आणि आहे ती गोडी वर आणतं. मग हे ब्लेंडरमध्ये घालून वर फ्रिजमधलं बिनसाखरेचं बदामाचं दूध पाऊण कप, दोन-तीन चमचे साधं ग्रीक योगर्ट, एक चमचा बदामाचं बटर आणि थोडा व्हॅनिला. व्हॅनिला गोड नसतो, पण नाकाला गोडाचीच आठवण करून देतो. गरम आणि गार मिळून पेय न कोमट न थंड असं होतं. बर्फ नाही.

जायफळ आईने आपल्या हातात ठेवलं. इथे सहाण नाही म्हणून बारीक किसणीवर. "दोनदाच फिरव," ती बजावते, "नाहीतर ऑफिसात घोरशील." तिने पहिला घोट घेतला, ओठ पुसले आणि म्हणाली, "ही तर तुझ्या आजीची कॉफी, कॉफी घालायला विसरलेली." खरंच. पाहुणे आले की आजी कॉफीत जायफळ घालायची, आणि तो वास ओटीपर्यंत यायचा. मी इतकी वर्षं दुपारी तीनला कशासाठी धावत होतो ते मला त्या ओट्याजवळ कळलं.

याला मी 'शुगर-फ्री' म्हणत नाही. भोपळ्यात आणि दह्यात स्वतःची साखर असते, पेल्याला साधारण सात ग्रॅम. वरून घातलेली मात्र शून्य, शाळेत ज्याला भोपळा म्हणायचे तो. जानेवारीत एचबीए१सी ५.८ आलं. त्याचं श्रेय मी या पेल्याला देणार नाही. रोज संध्याकाळी आईला घेऊन दोन मैल चालत होतो आणि दुपारचे ते बारा चमचे थांबले होते.

फेब्रुवारीत आई साताऱ्याला परत गेली. परवा व्हिडिओवर दिसली, हातात पेला. मंडईतली फोड आणून, वाफवून, तिने तेच केलं होतं. जायफळ सहाणेवर उगाळलेलं.

"कसं झालंय?"

"छान. तुझ्यापेक्षा छान."

"काय घातलंस त्यात?"

आईने पेल्यातून एक मोठा घोट घेतला.

"गूळ," ती म्हणाली. "मला कुठे शुगर आहे?"