पाच की दहा?

बोगद्याचे सुरुंग आता आधी कॉम्प्युटरवर उडवतात. खडकाची घनता, ताकद, भेगा, दारूचं वजन, सगळं आकड्यांत घालायचं. कातळाचे बारीक तुकडे मांडायचे, धक्का एकातून दुसऱ्यात कसा जातो ते बघायचं. मधली भोकं आधी उडतात, जागा करून देतात. मग बाजूची. कडेची शेवटी, हलक्या भरणीची. मधलं अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागांचं. सगळी एकदम उडवली तर वरच्या वस्तीची कवेलू खाली.

माझं पोट याच आकड्यांवर आहे. वडशाला मायला सांगितलं, तर ती म्हणाली, "फोडाच्या आधी फोडून पायतेत, मंग भिती कायले फाटतेत?"

त्याचं असं आहे. मॉडेल फक्त कंप सांगतं. जमीन सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हलेल ते. किती चालेल, हे कागद ठरवतो. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक. आहे खाणींसाठी, पण बोगद्यांच्या कामातही त्याचाच आधार घेतात. आठ हर्ट्झखालच्या कंपाला ऐतिहासिक वास्तूसाठी मर्यादा २. राहत्या घराला ५, मग ते मातीचं असो की विटा-सिमेंटचं. वैनगंगेकाठची पावसात भिजलेली भीत आणि सिमेंटचा बंगला एकाच ओळीत! आणि घर खाणमालकाच्या मालकीचं असेल तर १०.

मालकाच्या चाळीत मालक राहतो काय, दोस्तांनो? भिंत त्याची, म्हणून तडाही त्याचा. तिच्याखाली निजलेलं मजुराचं पोर कोणाचं? त्याला रकाना नाही. मर्यादा दुप्पट झाली, की तेवढ्याच अंतरावर एका वेळी साधारण दुपटीहून जास्त दारू भरता येते. काम लवकर उरकतं. हिशेब इथे आहे.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब मजूरमंत्री म्हणून याच धनबादला गेले. खाणीत खाली उतरले, मजुरांची घरंही पाहिली.

तेव्हा चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात असा की सुरजागडच्या वाटेवर, सुरुंगाचा आवाज आला की मोजणीचे आकडे मागा. यंत्र कोणाच्या भिंतीशी ठेवलं होतं ते विचारा. ऑफिसच्या पक्क्या ओट्याशी असेल, तर वस्तीतल्या सगळ्यात जुन्या मातीच्या घराशी न्यायला लावा. आणि पहिला सुरुंग उडायच्या आधी घरोघर फिरून असलेल्या तड्यांच्या टोकाला तारीख लिहून ठेवा. नाहीतर म्हणतील, हा तर आधीचाच.