मुद्द्यापुढचा ठिपका

टिपणातील प्रत्येक मुद्द्याआधी जी खूण येते आणि संगणकावर जिला बुलेट म्हणतात, तिची महाराष्ट्रातील शाळेत शिकलेल्या माणसाशी ओळख संगणकाच्या कितीतरी आधी, फळ्यावरून उतरवून घेतलेल्या मुद्द्यांमध्ये होते. तेथे ती समासाला चिकटून काढलेली चांदणी असते, कधी बाण, कधी चौकोन, आणि परीक्षा जवळ आली की तीच लाल शाईने पुन्हा गिरवली जाते. महाविद्यालयात शिकवणे वेगाने पुढे जाते आणि हात मागे पडतो, त्यामुळे चांदणीची नुसती आडवी रेघ होते. या खुणांना नियम नसतो, पण अर्थ पक्का असतो. दुहेरी चांदणी म्हणजे हमखास येणारा प्रश्न, हे वहीच्या मालकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

पुढे नोकरीत टिपणे मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये लिहिली जाऊ लागतात आणि खुणेची निवड हातातून जाते. ओळीच्या आरंभी चांदणी टाइप करून जागा सोडली की तिचा आपोआप काळा ठिपका होतो. टॅब दाबला की मुद्दा एक पायरी आत सरकतो, शिफ्ट धरून टॅब दाबला की बाहेर येतो, आणि अशा एकूण ९ पायऱ्या उपलब्ध असतात. यातील पहिला ठिपका सिम्बॉल या फॉन्टमधून येतो, तिसऱ्या पायरीचा चौकोन विंगडिंग्ज या अक्षरांच्या जागी चित्रे असलेल्या फॉन्टमधून, आणि दुसऱ्या पायरीवरचे पोकळ वर्तुळ हे मुळात वर्तुळच नसून कुरिअर न्यू फॉन्टमधला इंग्रजी लहान ‘ओ’ असतो. म्हणूनच असे टिपण साधा मजकूर म्हणून दुसरीकडे चिकटवले, की मराठी वाक्यापुढे तो ‘ओ’ आगंतुकासारखा उभा राहतो आणि वरच्या ठिपक्याचा कधी कधी रिकामा चौकोन होतो. ‘डिफाइन न्यू बुलेट’मध्ये जाऊन युनिकोडमधला, म्हणजे प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या जागतिक व्यवस्थेतला, ठिपका निवडला तर ही फजिती बहुधा टळते.

आणखी एक गोष्ट अनेकांना वर्षानुवर्षे छळते. यादीतला एकच ठिपका अचानक लाल किंवा जाड होतो आणि कारण सापडत नाही. ठिपक्याचे रंगरूप मुद्द्यातील शब्दांवर नव्हे, तर परिच्छेदाच्या शेवटी असलेल्या, एरवी न दिसणाऱ्या परिच्छेद-चिन्हावर अवलंबून असते, त्यामुळे ते चिन्ह निवडून त्याचा रंग बदलला की ठिपकाही बदलतो. एकेक ठिपका दुरुस्त करत बसण्यापेक्षा ‘लिस्ट बुलेट’ ही शैली, म्हणजे नाव देऊन साठवलेली रचना, एकदाच बदलणे शहाणपणाचे, कारण मग ती शैली वापरणारे सारे मुद्दे एकत्र बदलतात.

आकाराची ही हौस निरुपद्रवी आहे, पायऱ्यांची नाही. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया हे अंतराळयान कक्षेत असताना, उड्डाणाच्या वेळी पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याविषयी अभियंत्यांनी केलेल्या एका स्लाइडवर, तो तुकडा चाचण्यांतील नमुन्यापेक्षा कित्येक पटींनी मोठा असल्याची बाब आतल्या पायरीवर, सर्वांत खाली गेली होती. १ फेब्रुवारीला परतताना यान नष्ट होऊन कल्पना चावला यांच्यासह ७ अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या एका स्लाइडमुळे अपघात झाला असे म्हणता येणार नाही, परंतु माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तिची चिरफाड केली आणि चौकशी मंडळानेही तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या सवयीला दोष दिला. वहीतली दुहेरी चांदणी महत्त्वाचे वर आणत असे, आणि टॅबची कळ मात्र तेच नकळत आत ढकलते.

तेव्हा खुणेचा आकार निवडण्याआधी पायऱ्या ठरवाव्यात. टिपणाला दोन पुरतात. तिसरी लागू लागली, की तेथे ठिपका काढून टाकावा आणि सरळ परिच्छेद लिहावा.