कोणापेक्षा? कशात?

इंग्रजी व्याकरणात ‘डिग्री ऑफ कम्पॅरिझन’ शिकवायला घेतले की मुलांच्या वहीत दोन चुका हमखास सापडतात. पहिली, ‘ही इज टॉल दॅन मी’. दुसरी, ‘मोअर बेटर’. या चुका आळसाने होत नाहीत, त्या घरच्या भाषेतून येतात.

मराठीत तुलना करताना विशेषण बदलत नाही. ‘भाऊ माझ्यापेक्षा उंच आहे’ यात ‘उंच’ तसेच राहते, काम ‘पेक्षा’ करतो. उर्दूत तेच काम ‘से’ करतो. इंग्रजीत मात्र ‘दॅन’ आला तरी ‘टॉल’चे ‘टॉलर’ करावेच लागते. शब्द लांब असेल तर ‘मोअर ब्युटिफुल’. ‘मोअर’ तरी लावा किंवा ‘अर’ तरी, दोन्ही एकदम नाही.

दुसऱ्या चुकीचे मूळ आपल्या बोलण्यात आहे. ‘बेहतर’मध्ये फारसीचा ‘तर’ आधीच आहे, तरी आपण ‘ज़्यादा बेहतर’ म्हणतो. ‘श्रेष्ठ’ म्हणजेच सर्वांत उत्तम, तरी मराठीत ‘सर्वश्रेष्ठ’ चालते. मग मुलाने ‘मोअर बेटर’ लिहिले तर नवल काय? बोलण्यात खपते, पेपरात गुण जातात.

म्हणून मी हा धडा हजेरीपटावरच्या नावांसारख्या नावांपासून सुरू करतो. कबीर म्हणजे मोठा, अकबर म्हणजे अधिक मोठा. सग़ीर म्हणजे लहान, असग़र अधिक लहान. मुलींमध्ये कुब्रा आणि सुग़रा. अरबी शब्दाचा साचाच बदलते. अज़ानमध्ये रोज कानावर पडणारा शब्द तुलनेचा आहे हे कळले की मुले सावरून बसतात. फारसीतला ‘तर’ आणि संस्कृत ‘लघुतर’मधला ‘तर’ एकाच कुळातले. ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’मधला ‘इष्ठ’ आणि इंग्रजी ‘टॉलेस्ट’मधला ‘एस्ट’ही लांबचे भाऊबंद. ‘बेहतर’ आणि ‘बेटर’ मात्र नुसतेच सारखे दिसतात, नाते काही नाही.

पुढचा नियम अधिक महत्त्वाचा. तुलना सारख्याला सारख्याशीच करायची. ‘द क्लायमेट ऑफ बुलढाणा इज कूलर दॅन मलकापूर’ हे चूक, कारण एका बाजूला हवामान आहे आणि दुसऱ्या बाजूला गाव. तिथे ‘दॅन दॅट ऑफ मलकापूर’ हवे. आणि तुलना कशात, हेही सांगावे लागते. आमच्या रोहिणखेडची मशीद १५८२ ची, खुदावंद खान महदवीने बांधलेली. ताजमहालाचे काम त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी सुरू झाले. तेव्हा ‘ओल्डर दॅन द ताजमहाल’ हे वाक्य बरोबर आहे. त्यात मोठी की सुंदर, याचा काहीच दावा नाही.

हा नियम मला वर्गाबाहेर जास्त लागतो. जून आला की पालक विचारतात, “सर, इंग्लिश मीडियम बेहतर है ना?” मी विचारतो, “किससे? और किस बात में?” इमारतीत, बुटांत, बसमध्ये असेल. पण चौथीतले लेकरू तिथे वाचलेल्या परिच्छेदाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगते का? उर्दू शाळेतले सांगते का? दोघांना एकच परिच्छेद, ज्याच्या त्याच्या शाळेच्या भाषेतला, वाचायला द्या आणि मग ठरवा. कधी उत्तर आमच्या बाजूने येते, कधी येत नाही. न आले तर आम्हाला काम करावे लागेल, हे मी मान्य करतो. पण ‘उर्दूवाले मागे’ हे वाक्य मला व्याकरणातच नापास वाटते. त्यात ‘पेक्षा’ नाही आणि ‘कशात’ही नाही.

घरातही असेच होते. “वो देख, चाचा का लड़का कितना होशियार!” चुलतभावाला शिकवणी आहे, हा सुट्टीत बापाबरोबर कपाशी वेचायला जातो. सारख्याची तुलना सारख्याशी झालीच नाही. त्याची तुलना करायचीच तर त्याच्या गेल्या वर्षाच्या वहीशी करा.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, तारतम्य. तो ‘तर’ आणि ‘तम’ या तुलनेच्या दोन प्रत्ययांपासूनच बनला आहे. ज्याला तुलना नीट करता येते, त्याला तारतम्य आहे असे आपण म्हणतो. पोरांना ‘अर’ आणि ‘एस्ट’ शिकवताना मी हा शब्दही फळ्यावर लिहितो. पेपरात तो येत नाही, पण वहीत उतरवून घ्यायला लावतो.