बेगम बाजारातून कोर्तिनास

आमचे सारे आयुष्य हैदराबादच्या बेगम बाजारात गेले. ज्या बाजारात पितळेची घंगाळी, बदाम, बेदाणे आणि मिरच्यांची पोती मागाल तेवढी मिळतात, तेथे बर्फात घालावयाचे बूट मात्र कोणी ठेवीत नाही, हे आम्हांस वयाच्या ऐंशीव्या वर्षी प्रथमच कळले. सुक्या मेव्याच्या ओळखीच्या दुकानी सहज चौकशी केली, तेव्हा मालकाने तराजू खाली ठेवून विचारले, "बरफ देखनेकू इत्ते दूर कायकू जारे साब?" प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र लांबण लावणारे, म्हणून पाव किलो बेदाणे घेऊन आम्ही परतलो.

आमचे चिरंजीव इटलीत पादुआ येथे नोकरीस आहेत. चार वर्षांत त्यांचे इकडे येणे झालेले नाही. नातू दोन वर्षांचा असताना मांडीवर घेतला होता, तो आता सहा वर्षांचा. मधल्या काळातील भेटी साऱ्या दूरध्वनीच्या काचेवरच्या. येत्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चिरंजीवांना रजा आहे, आणि तेवढीच आहे. तो आठवडा सर्वांनी मिळून कोर्तिना दांपेत्सो या डोंगरातील गावी काढावा, असा त्यांचा बेत. हिवाळ्यात सहकुटुंब डोंगरात जाऊन आठवडाभर स्की खेळण्याच्या या रीतीला इटलीत 'पांढरा आठवडा' म्हणतात.

कोर्तिना हे नाव ऐकताच आम्ही खुर्चीतून उठलो. १९५६ साली आम्ही दहा वर्षांचे होतो. त्या काळी बाजारातील पुड्यांच्या रद्दीत विलायती मासिकांची पाने येत. बेदाण्यांच्या अशाच एका पुडीवर एक चित्र होते: पायांना लांब फळ्या बांधलेला एक मनुष्य, अंग पुढे झोकलेले, पायाखाली नुसते आकाश. चित्राखाली कोर्तिनाचे नाव. हा मनुष्य पडत नसून उडी घेत आहे, हे विवेकवर्धिनीतील आमच्या मास्तरांनी सांगितले, तेव्हा कोठे आमचा जीव भांड्यात पडला. त्या वर्षी २६ जानेवारीस, म्हणजे आपल्या प्रजासत्ताकदिनीच, तेथे हिवाळी ऑलिंपिकचा आरंभ झाला होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्यांच्यामागून काका सरकारी नोकरी घेऊन औरंगाबादेस गेले आणि वडील येथेच राहिले. एका घराची दोन घरे झाली. त्या हलवाहलवीत तो कागद कोठे गेला कोण जाणे. चित्र तेवढे राहिले.

तेव्हा आम्ही वही घातली. कोर्तिनाची उंची सुमारे १२२० मीटर, म्हणजे गाव आपल्या महाबळेश्वराहून थोडे खालीच! परंतु ते फार उत्तरेस, आणि उशाशी तोफाना दि मेद्झो हे ३२४४ मीटरांचे शिखर. डोलोमाइट पर्वतांचा खडक सूर्यास्ताला गुलाबी दिसतो, म्हणतात. आगगाडी १९६४ सालीच बंद झाली, व्हेनिसहून मोटारबस. उताराच्या वाटांना रंग असतात: निळी सोपी, तांबडी अवघड, काळी आमच्यासारख्यांनी दुरूनच नमस्कार करावा अशी. प्रवेशपरवान्यासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा हवा. शिवाय आपण कोणाच्या अंगावर आदळलो तर त्याची भरपाई देणारा निराळा विमा २०२२ पासून इटलीत सक्तीचा आहे. कायद्याने आमच्याविषयी इतकी दूरदृष्टी दाखवावी, याचे कौतुक वाटले. बर्फ कमी पडले तर यंत्रांनी पाणी फवारून ते तयार करतात, हेही वाचले आणि मन थोडे खट्टू झाले. २०२२ च्या जुलैत त्याच पर्वतांतील मार्मोलादा हिमनदीचा कडा कोसळून अकरा माणसे दगावली, हे पान मात्र आम्ही सौभाग्यवतींच्या दृष्टीस पडू दिले नाही.

इतके सारे करून आम्ही एक गोष्ट पाहिली नव्हती. तो आठवडा माघ शुद्धातला. गल्लीतील देवळात गणेशजयंतीची पाळी आमच्या घराची. सासूबाईंच्या मागे सेहेचाळीस वर्षे ती सौभाग्यवतींनी एकदाही चुकविलेली नाही. आम्ही वही वाचून दाखविली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि माहेरच्या बोलीत एवढेच म्हणाल्या, "तुमी वचात, हांव हांगा आसां." रागावल्या की त्या मराठी बोलतात, कोकणी निघाली म्हणजे निर्णय झालेला असतो.

आठ दिवस घरात कोर्तिनाचे नाव निघाले नाही. आम्ही बर्फाचे मनोरे रचीत होतो, तेव्हा नैवेद्याला कोण, आरतीला कोण, याचा हिशेब त्या एकट्या मनाशी करीत होत्या, हे आमच्या उशिरा ध्यानी आले. नातवाला भेटावयाची ओढ त्यांना आमच्याहून अधिक. पण ती पाळीच्या आड येऊ द्यावयाची नाही, असा त्यांचा मनाशी करार. शेजारच्या एका स्नेह्यांनी तोड सुचविली: बर्फच पाहावयाचे तर गुलमर्गला जा, संक्रांतीनंतर जाऊन माघाआधी परत. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटाच खेळाडू होता, तो आरिफ खान काश्मीरचाच, वगैरे वगैरे. आम्ही मान डोलावीत होतो. तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "गुलमर्गला बर्फ आहे. नातू नाही."

स्नेही गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या कुटुंब आल्या आणि माघातील पाळी आपण घेतो, चैत्रातील आपली तुम्ही घ्या, असे म्हणाल्या. सौभाग्यवतींनी लगेच होकार दिला नाही. देवळात गेल्या, बराच वेळ बसल्या. परत आल्या त्या आम्हांला पिशवी देऊन बाजारात पाठविण्यासाठीच: एक लहान पितळी निरांजन, सामानात वजन होणार नाही असे. चतुर्थीला तेथल्या खोलीत ते लागेल. तेथे दिवा लावू देतात की नाही, ते चिरंजीवांना विचारून ठेवा, हेही बजावले.

निरांजन आणले आहे. अर्जही भरला, प्रवासाचा हेतू विचारला होता, तेथे कुटुंबभेट असे लिहिले. सौभाग्यवतींची आता एकच अट उरली आहे, की आम्ही त्या फळ्यांवर उभे राहावयाचे नाही. आम्ही अद्याप तसे वचन दिलेले नाही.