खर्च कोणाच्या नावावर

३१ डिसेंबरच्या रात्री उपासना संपत आली की आमच्या मंडळीत वेदीजवळ एक थाळी मांडतात. थाळीत छोटी छोटी कार्डं, प्रत्येकावर पवित्र शास्त्रातलं एकेक वचन. बारा वाजून गेले, एकमेकांना सलाम करून झालं, की रांगेने पुढे जायचं आणि न बघता एक कार्ड उचलायचं. ते आपलं वर्षाचं वचन. मग बाहेर पायऱ्यांवर चहाचे कप हातात घेऊन 'तुला काय आलं?' सुरू होतं. धीर देणारं वचन आलेला माणूस खुशीत असतो, धीर धरायला सांगणारं आलेला जरा गप्प. शिक्षेची, न्यायाची वचनं या कार्डांवर कोणी छापत नाही. यिर्मया संदेष्ट्याने जन्मभर जे कडू बोलून घेतलं, त्यातलं थाळीत काहीच येत नाही.

मी नोकरीत कायम होण्याआधीची गोष्ट. मस्कतच्या एका शाळेचं नेमणूकपत्र माझ्या कपाटात पडून होतं, आणि त्या वर्षी थाळीतून नेमकी अब्राहामाला झालेली आज्ञा माझ्या हाती आली: आपला देश, आपलं गोत, बापाचं घर सोडून निघ. पायऱ्यांवर एकच गलका. "आता कसला विचार करतेस? प्रभूने दार उघडलंय." घरी आईने चष्मा लावून कार्ड उलटसुलट पाहिलं. म्हणाली, "छापखान्यात अशी हजार निघाली असतील. हजारही जणी मस्कतला जाणार का?"

आईला तेव्हा अंथरुणावरून उठायला आधार लागायचा. धाकटी बहीण मिरजेला नर्सिंग शिकत होती. मी गेले असते तर तिला शिक्षण सोडून घरी यावं लागलं असतं. मी गेले नाही. पुढे मंडळीतल्या लोकांनी याला त्याग वगैरे नाव दिलं. तसं काही नव्हतं, साधा हिशेब होता. वचन मला आलं होतं, धाकटीला नाही. मग त्याची किंमत तिने का द्यायची?

शास्त्र उघडून बोट ठेवायचं आणि बोटाखाली आलेल्या ओळीवरून लग्न, नोकरी, जमीन ठरवायची, ही रीत आमच्यात जुनी आहे. तिला आधार नाही असंही नाही. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडायची वेळ आली तेव्हा शिष्यांनी चिठ्ठ्याच टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं. पण ही गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात आहे. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरतो आणि त्यानंतर त्या मंडळींनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचं कुठे वाचायला मिळत नाही. पुढे सुंतेसारखा अवघड प्रश्न आला तेव्हा ते यरुशलेमेत जमले, एकमेकांशी भांडले, वाद घातला आणि मग ठरवलं.

शिवाय वचन तोंडपाठ असणं म्हणजे देवाच्या बाजूला असणं नव्हे. अरण्यातल्या परीक्षेच्या वेळी सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभा करतो आणि 'उडी मार' म्हणताना एक्याण्णवाव्या स्तोत्राचा दाखला देतो. दाखला अगदी बरोबर आहे, एक शब्दही खोटा नाही. येशू तरी उडी मारत नाही.

नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराची हकिगत आमच्याकडे फार प्रेमाने सांगतात. राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माझ्या मते मराठी कवितेच्या इतिहासात इतका दूरवर परिणाम करणारे निर्णय थोडेच असतील. पण हीच हकिगत 'स्मृतिचित्रे'त त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या बाजूने वाचली की वेगळी दिसते. तिथे एक तरुण बाई आहे, पदरी लहान मूल आहे, आणि नवऱ्याने घेतलेल्या निर्णयाची बातमी तिला मागाहून मिळते. सौभाग्य आहे आणि संसार नाही. लोक तिच्याकडे कसे बघत असतील, हे १८९५ साल डोळ्यांसमोर आणलं की कळतं. टिळकांना ख्रिस्त भेटला आणि बिल लक्ष्मीबाईंकडे गेलं.

टिळकांवर राग काढायचा म्हणून हे लिहीत नाही. निर्णय त्यांनी सुखासाठी घेतला नव्हता. नातलग, मान, मिळकत सगळं तेही गमावून बसले होते. आणि पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या तेव्हा टिळकांनी त्यांना ओढलं नाही, त्यांच्या सोवळ्याची सोय ठेवली. जातीचा विटाळ लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्म्याच्याही आधी, स्वतःशी विचार करून टाकून दिला. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. म्हणजे नवऱ्याच्या पावलावर पाऊल ठेवायला त्यांना पाच वर्षं लागली, आणि ती पाच वर्षं त्यांची स्वतःची होती. मला विचाराल तर नवऱ्याच्या बाप्तिस्म्याइतकाच मोठा निर्णय त्या जातीच्या विचारात आहे. पण आगगाडीतल्या पुस्तकाची गोष्ट व्यासपीठावरून सांगायला बरी पडते, म्हणून तीच सांगतात.

देवाच्या नावाने एकाने ठरवायचं आणि दुसऱ्याने फेडायचं, याविषयी शास्त्र गप्प नाही. शास्ते पुस्तकातला इफ्ताह लढाईला निघताना नवस करतो: जिंकून परतलो तर घराच्या दारातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन. डफ वाजवत, नाचत सामोरी येते ती त्याची एकुलती एक मुलगी. नवस बापाचा होता. लहानपणी रविवारच्या शाळेत ही गोष्ट आम्हाला नवस पाळावा म्हणून शिकवली गेली. बाईंनी मुलीचं नाव काय विचारलं असतं तर कोणालाच सांगता आलं नसतं, कारण शास्त्रात ते दिलेलंच नाही.

मार्काच्या सातव्या अध्यायात येशू याच रोगावर बोट ठेवतो. म्हाताऱ्या आईबापांना द्यायचा पैसा 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेला आहे असं जाहीर केलं की पोराची जबाबदारी संपली, असा शास्त्र्यांनी काढलेला मार्ग होता. येशू तिथे परुश्यांना जसा झोडतो, तसा जकातदारांना कधी झोडत नाही. मला हा अध्याय फार उपयोगी पडला आहे. कोणी म्हणालं, 'प्रभूने माझ्या मनात घातलंय', की मी आता त्याच्या मनाचा शोध घ्यायला जात नाही. तो माझा प्रांतच नाही. मी एवढंच विचारते, खर्च कोणाच्या नावावर पडणार आहे?

पंडिता रमाबाईंचं आयुष्य या प्रश्नासमोर धरून पाहावं. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. ज्यांनी त्यांना आसरा दिला, शिकवलं, त्या जोगिणींशीच त्यांचे मग वाद झाले. चर्च सांगतं म्हणून मानणार नाही, स्वतः वाचीन आणि पटेल तेच मानीन, असा त्यांचा हट्ट. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नाहीत, यावरही त्या अडून बसल्या. शास्त्री बापाने आईला संस्कृत शिकवलं आणि आईने मुलीला. त्या घरातली मुलगी एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत कशाला शिरेल? शास्त्र हाती आलं तेव्हा ते वाचायची तयारी तिच्यात आधीपासूनच होती.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती त्यांची १८९६-९७ सालची निवड. त्यांचं शारदा सदन १८८९ साली मुंबईत निघालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठलं, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. अशा वेळी कोणीही शहाणा माणूस आहे तेवढं सांभाळून बसला असता. तेवढ्यात मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. रमाबाई निघाल्या आणि शेकडो मुली, बायका घेऊन आल्या. जात विचारायची सोयच नव्हती, इतकी हाडांचा सापळा झालेली माणसं. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ. इतक्या जणींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. म्हणून केडगावच्या शेतावर मुक्काम टाकावा लागला. मुक्ती सदन असं उभं राहिलं. आराखड्यात ते नव्हतं.

हे करायला कोणत्या वचनाने त्यांना पाठवलं? वचनं असतील, त्या रोज वाचत होत्या. पण त्याहून आधी एक गोष्ट होती. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली होती. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. भुकेल्याला खायला दिलं ते मलाच दिलं, असं सांगणारा देव त्यांना भेटला तो त्या आठवणीच्या शेजारी बसलेला. आणि खर्च? जमीन, कष्ट, बदनामी, पुढे एकुलत्या एका मुलीचं, मनोरमेचं, या कामात झिजणं. मुलीचा विचार आला की मी इथेही थबकते. मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. तिने हे आपण होऊन पत्करलं असं सगळे सांगतात आणि मी ते मानते. तरी इफ्ताहाची गोष्ट एकदा डोक्यात बसली की सहजासहजी निघत नाही.

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या ते म्हातारपणाकडे झुकताना, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणायचं म्हणून. केडगावच्या छापखान्यात सदनातल्या मुलींनीच ते जुळवलं, छापलं. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. वर्षानुवर्षं एकेक ओळ तोलत बसणारी बाई थाळीतून कार्ड उचलत असेल असं मला वाटत नाही.

आता आमच्या घरातला चालू प्रश्न. नगर जिल्ह्यातली आमची बरीच मंडळी महार-मांग वस्त्यांतून ख्रिस्ताकडे आली, हे सांगायला हल्लीच्या पिढीला लाज वाटत नाही, वाटूही नये. राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. गावाने विटाळ धरायचं काही सोडलं नाही, सवलत मात्र सुटली. म्हणून कित्येक घरांत चर्चच्या वहीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. यावर उपदेश करणारे पाळक मी ऐकले आहेत. उपदेश करणं सोपं असतं, विशेषतः ज्यांच्या मुलांची शिक्षणं झालेली असतात त्यांना.

माझ्या भावाचा मुलगा या वर्षी प्रवेशाच्या वेळी अडला. दाखल्यावर भावाने पूर्वीच हिंदू लिहून ठेवलेलं, जातीचं प्रमाणपत्र निघत होतं, फी जवळजवळ माफ होणार होती. तो मला विचारायला आला, "आत्या, शास्त्र काय सांगतं?"

मी त्याला न वाकता अग्नीच्या भट्टीत उतरणारे शद्रख, मेशख, अबेद्नगो सांगितले. ते त्याला ठाऊक होते. मग दुसरे राजे, पाचवा अध्याय काढून दिला. अरामाचा सेनापती नामान कोडातून बरा होतो, इस्राएलाच्या देवाला मानू लागतो आणि अलीशाला विचारतो: माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा होईल ना? अलीशा त्याला फटकारत नाही. शांतीने जा म्हणतो. एस्तेरही दाखवली. मर्दखयाच्या सांगण्यावरून तिने राजवाड्यात आपली जात लपवली, आणि वेळ आली तेव्हा जीव धोक्यात घालून उघड केली. लपवल्याबद्दल त्या पुस्तकात तिला कोणी दोष देत नाही.

पोरगा वैतागला. "तुम्ही दोन्ही बाजूंनी बोलता."

"मी नाही, पुस्तक बोलतं. वाकणाऱ्याला आणि न वाकणाऱ्याला, दोघांनाही त्यात जागा आहे. शेजारच्या घरातल्या मुलाने प्रमाणपत्र काढलं म्हणून त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघायची मुभा तेवढी मला कुठे सापडली नाही."

आठवडाभर तो गप्प होता. मग त्याने प्रमाणपत्र न घेताच प्रवेश घेतला. बापापुढे म्हणाला, "मला दोन नावांनी जगायचं नाही." मला बरं वाटलं, लपवत नाही. चर्चमध्ये एका रविवारी त्याने उभं राहून साक्षही दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ मागच्या बाकावर बसला होता, त्याने वाजवल्या नाहीत. शैक्षणिक कर्जावर जामीनदार म्हणून सही त्याची आहे, निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत. दुपारी जेवताना त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, तू सगळ्यांना विचारत असतेस ना खर्चाचं? साक्ष याची आणि हप्ते माझे, हे तुझ्या हिशेबात कुठे बसतं?"

मी त्याला लगेच काही बोलू शकले नाही. पोराने मान खाली घातली, मग म्हणाला की संध्याकाळी शिकवण्या घेईन, सुट्टीत काम बघीन. भाऊ म्हणाला, आधी पास हो. सध्या व्याजापुरते पैसे तो महिन्याच्या महिन्याला बापाच्या हातावर ठेवतो आणि बाप ते मोजून घेतो. धाकटी बहीण मिरजेहून फोनवर म्हणाली, "थोडे मी घालते, मला कोणी विचारलंच नाही." तिला कोणी विचारलं नव्हतं, हे खरं. आता पुढच्या रविवारी चौघांनी बसून ठरवायचं आहे, आणि भावजय म्हणते, चौघांनी का, पाच जण आहोत.