आधी चहा, मग अर्ज

२०१९ च्या सुट्टीत आम्ही पती-पत्नी न्यूयॉर्कला नातेवाइकांकडे होतो. वॉशिंग्टन स्क्वेअरसमोरच्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये स्थलांतरितांना अर्ज भरायला स्वयंसेवक मोफत मदत करीत. आम्ही उर्दू दुभाषे म्हणून बसलो. अमेरिकेत आश्रयाचा अर्ज सहसा पोहोचल्यापासून एका वर्षात, तोही इंग्रजीतच द्यावा लागतो. इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही. समोरच्या बाईंना मायदेशी काय सोसले ते सांगवेना. आम्ही वही मिटली, मुलांना जेवण वाढले, त्यांना चहा दिला. मग त्या म्हणाल्या, “आपा, येऊन अकरा महिने झाले.” महिनाच उरला होता! त्याच संध्याकाळी अर्ज लिहायला घेतला. भेदरलेल्या माणसाला आधी पाहुणा मानावे, तेव्हाच त्याची हकिकत कागदावर उतरते.