कटकटीची तहकीकात

सावरगाव,
भाद्रपद शुद्ध अष्टमी

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. यंदाच्या गोटमारीची चौकशी करून झाल्यावर तू सायकलीची फिर्याद मांडली आहेस, की पायडल मारताना कोठूनसा ‘कट्’ असा आवाज येतो. तो पुढून येतो असे वाटून तू हँडल आवळलेस, मागून येतो असे वाटून कॅरियर आवळलेस, आणि आवाज मात्र बिनदिक्कत चालूच आहे. गोटमारीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही तीरांवरून जे गोटे उडतात त्यांचा वृत्तान्त दरसाल वर्तमानपत्रांत येतोच. तेव्हा तो विषय त्यांच्यावर सोपवून मी सरळ तुझ्या फिर्यादीकडे वळतो.

अशा मामल्यात कानाची साक्ष काळाविषयी खरी आणि स्थळाविषयी खोटी असते, हे प्रथम ध्यानात धर. सायकलीची चौकट म्हणजे पोलादाच्या पोकळ नळ्या. पोलादातून ध्वनी हवेतल्यापेक्षा सुमारे पंधरा पट वेगाने धावतो, आणि म्हणून सीटच्या दांड्यात उपजलेली कुरकुर तत्क्षणी साऱ्या नळ्यांत भरून ती खालच्या एक्सलमधूनच निघाल्याचा भास होतो. सबब आवाज कोठे होतो हे कानास विचारूच नये. केव्हा होतो एवढेच विचारावे आणि स्थळाचा निर्णय बुद्धीने करावा.

त्यासाठी आधी दात मोज. पुढल्या चक्रास 44 आणि मागल्या फ्रीव्हीलला 18 दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे 2.4 वेळा फिरते. आणि चेन 112 कड्यांची असेल, तर तिची एक प्रदक्षिणा पुरी होण्यास पायडलचे अडीचहून किंचित अधिक फेरे लागतात. म्हणजे एकाच यंत्रात तीन निरनिराळे ताल चालू असतात. पायडलच्या प्रत्येक फेऱ्यास, त्याच जागी, एकदा आवाज झाला तर क्रँक, कॉटर, पायडल किंवा एक्सल यांपैकी कोणी तरी दोषी. फेऱ्यास दोन-अडीचदा झाला तर चाक. आणि दोन फेरे निमूटपणे जाऊन तिसऱ्यात केव्हा तरी झाला, तर चेनची एखादी कडी जाम झाली आहे असे खुशाल समजावे.

यानंतर उताराच्या रस्त्यावर पाय स्थिर ठेवून पाहा. आवाज थांबला तर चाके व मडगार्ड बहुतांशी निर्दोष सुटली. मात्र त्या वेळी मागून येणारी टिकटिक फ्रीव्हीलच्या कुत्र्यांची, म्हणजे आतल्या खटक्यांची, असते, ती निरोगीपणाचेच लक्षण आहे. मग सीटवरून उठून उभ्याने चालव. आवाज बंद पडला तर दोष सीटचा. आपल्याकडे वैशाखात चामड्याची सीट वाळून कुरकुरते आणि पावसाळा लागताच आपोआप गप्प बसते, तेव्हा ऋतूचीही जबानी घ्यावी. आऱ्यांचा संशय असेल तर ते जोडीजोडीने बोटांत दाबून पाहा, ढिला आरा लगेच कळून येतो. पूर्वी मोठ्या रेल्वे स्थानकांवर गाडीची चाके हातोडीने ठोकून पाहत, आणि खणखणीत नाद निघाला तरच चाक अभंग मानीत, एकेक भाग तपासण्याचा तोच न्याय येथेही लागू पडतो.

तू लिहितोस त्यावरून, चढावर जोर लावताच आणि उजवा पाय वरून खाली येतानाच आवाज होतो, यास्तव माझा संशय उजव्या कॉटरवर आहे. दोन्ही पायडले जमिनीस समांतर धरून त्यांवर उभा राहा आणि किंचित हेलकावे घे; मग चक्र अर्धे फिरवून तसेच कर. क्रँक एक्सलवर तसूभरही हलल्याचे पायाला जाणवले, तर पुरावा मिळाला. आता उपाय नीट वाच, कारण घाई करणारे येथेच फसतात. कॉटर ही पाचर आहे. तिचा नट आवळून ती आत ओढू गेल्यास आटे मोडतात. क्रँकखाली लोखंडी नळीचा भक्कम टेका द्यावा, म्हणजे घाव एक्सलच्या छर्‍यांवर व कपांवर न जाता टेक्यात उतरेल. मग हातोडीने कॉटर बसवावी आणि नट केवळ तिला धरून ठेवण्यापुरता आवळावा. आठ-दहा मैल चालवून पुन्हा एकदा ठोकून आवळावे, कारण नव्याने बसवलेली कॉटर पहिल्या प्रवासात हमखास ढिली होते.

एक ताकीद मात्र आहे. एका वेळी एकच गोष्ट हलवावी. पाना हाती आला की सगळेच नट आवळून टाकण्याचा मोह होतो, आणि कधी त्याने आवाज जातोही. पण गुन्हेगार कोण हे अज्ञातच राहते, आणि तो पुन्हा हजर झाला की सारी तहकीकात पहिल्यापासून करावी लागते.

तेव्हा पुढल्या पत्रात ‘आवाज गेला’ एवढेच कळवू नकोस. कोणत्या उपायाने गेला ते लिही.

तुझा,
मामा